टोमॅटोचा हायब्रिड करायचाय? आधी आई-बाप पारखा

डिसेंबरातल्या सकाळी देऊळगाव राजा किंवा सिंदखेड राजा भागातल्या एखाद्या शेडनेटमध्ये गेलात, तर टोमॅटोच्या ओळींतून बायका वाकून काम करताना दिसतात. एका हातात बारीक टोकाचा चिमटा, दुसऱ्या हाताच्या बोटांत कळी. आतला परागाचा पिवळा सुळका अलगद निघतो, मधली हिरवी काडी तेवढी उरते, आणि हात पुढच्या कळीकडे वळतो. बुलढाणा जिल्ह्याच्या या पट्ट्यात आणि शेजारच्या जालना भागात संकरित भाजीपाला बियाण्याचं काम कित्येक वर्षं चालत आलंय. मीही ते इथंच शिकलो.

हाताचं काम आठ-दहा दिवसांत बसतं. कोणत्या दोन झाडांचा संकर करायचा हे कळायला मात्र दोन-तीन हंगाम डोळे उघडे ठेवून पाहावं लागतं, आणि उत्पादन ठरतं ते तिथंच. म्हणून इथे चिमट्यापेक्षा आई-बापाच्या निवडीबद्दल जास्त लिहितोय.

दोन हायब्रिड मिळून हायब्रिड होत नाही

नवीन माणूस बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतो. बाजारात चाललेले दोन हायब्रिड घ्यायचे, एकाचे पराग दुसऱ्यावर टाकायचे, म्हणजे दोघांचं चांगलं ते एकत्र येईल असा हिशेब. पुढच्या हंगामात प्लॉटमध्ये एक झाड गुडघ्याएवढं, शेजारचं खांद्यापर्यंत, एकाला लांबट फळ, दुसऱ्याला चपटं. त्या मालाची जाळी भरून बाजारात नेता येत नाही.

हायब्रिड म्हणजे दोन शुद्ध लाईनच्या, म्हणजे बी लावलं की दर पिढीला तशीच झाडं देणाऱ्या वाणांच्या, संकराची पहिली पिढी, एफ-1. आई शुद्ध, बाप शुद्ध, म्हणून सगळी लेकरं सारखी. हायब्रिडच्या फळातलं बी लावलं की दुसरी पिढी, एफ-2, येते आणि सगळे गुण विखुरतात. दुकानातला हायब्रिड थेट पालक म्हणून घेतला तर हा विखुरलेपणा संकरात येतोच.

मग हायब्रिडमधला चांगला गुण घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण आधी त्यातून लाईन काढायची. एफ-2 ची निदान 100-150 झाडं लावा, त्यातली मोजकीच निवडा, प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवा आणि पुढच्या हंगामात प्रत्येकाची वेगळी ओळ लावा. टोमॅटो स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे दर पिढीला मिश्रपणा निम्म्याने घटतो: एफ-2 मध्ये 50 टक्के, एफ-3 मध्ये 25, एफ-4 मध्ये 12.5, आणि एफ-6 पर्यंत सुमारे 3 टक्के. वर्षाला दोन पिढ्या घेतल्या तरी अडीच-तीन वर्षं जातात. हे काम हळूहळू चालू ठेवा, पण पहिला संकर करायला त्याची वाट पाहू नका.

पालक कुठून आणायचे

सुधारित सरळ वाण, म्हणजे हायब्रिड नसलेले, हे नवशिक्यासाठी सर्वात चांगलं भांडार. टोमॅटो स्वपरागित असल्याने हे वाण मुळातच जवळजवळ शुद्ध असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री, दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा पुसा रुबी, बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे अर्का विकास आणि अर्का सौरभ हे मिळण्यासारखे आहेत. कोकणात किंवा गोव्यात काम करणार असाल तर जिवाणूजन्य मर हा तिथला मोठा शत्रू. तिथे अर्का आभा आणि अर्का आलोक यांच्याकडे आधी पाहा, ते या मरीला बऱ्यापैकी तोंड देतात. तैवानमधलं जागतिक भाजीपाला केंद्र विषाणू-प्रतिकारक लाईन संशोधनासाठी देतं. कृषी विद्यापीठातल्या भाजीपाला विभागाच्या ओळखीतून गेलात तर तो मार्ग सोपा होतो.

गावरानही सोडू नका. आजीच्या परसात वर्षानुवर्षं उगवणारा, पातळ सालीचा, आंबट-गोड टोमॅटो बाजारात टिकत नाही हे खरं, पण त्याच्या घोसाला किती फळं धरतात ते मोजून पाहा.

सुरुवातीला आठ-दहा लाईनपेक्षा जास्त घेऊ नका. प्रत्येकीची 15-20 झाडं एका हंगामात नुसती वाढवा, काहीही क्रॉस न करता. झाडागणिक घोस किती, घोसात फळं किती, फळाचं वजन, पहिला तोडा कधी, शेवटचा कधी, करपा किती आला, बोकड्या (पानं आकसवणारा विषाणूरोग) किती झाडांना लागला, फळं किती तडकली, हे वहीत लिहा. पुढचं सगळं या वहीवर उभं राहतं.

उत्पादन म्हणजे संख्या गुणिले वजन

हा भाग नीट वाचा, कारण पालक निवडताना सर्वात मोठी चूक इथे होते. लोक प्लॉटमधलं सर्वात मोठं फळ बघतात आणि तेच झाड उचलतात.

झाडाचं उत्पादन म्हणजे फळांची संख्या आणि एका फळाचं वजन यांचा गुणाकार. संकरात या दोन गोष्टी वेगवेगळ्या वागतात. फळांची संख्या साधारण आई-बापाच्या मधोमध किंवा थोडी वर येते. फळाचं वजन मात्र मधोमध येत नाही, ते लहान फळाच्या पालकाकडे झुकतं. ठोकताळा असा: दोघांच्या फळांच्या वजनांचा गुणाकार करा आणि त्याचं वर्गमूळ काढा. 120 ग्रॅमचा आणि 30 ग्रॅमचा संकर केला तर सरासरी 75 येते, पण फळ मिळतं 60 ग्रॅमच्या आसपास.

आता हेच पुढे नेऊ. समजा एका लाईनला 120 ग्रॅमची 20 फळं लागतात, दुसरीला 30 ग्रॅमची 80. दोघींचं उत्पादन झाडाला 2.4 किलो, अगदी सारखं. संकराला मधली संख्या धरली तर 50 फळं, वजन 60 ग्रॅम, म्हणजे 3 किलो. कुठलाही चमत्कार न होता 600 ग्रॅम वाढले. एक पालक संख्येचा, दुसरा वजनाचा, म्हणून गुणाकार वाढला.

पण 60 ग्रॅमचं फळ पिंपळगाव बसवंत किंवा नारायणगावच्या बाजारात नेलं तर व्यापारी जाळी बाजूला सारेल. तिथे 80 ते 100 ग्रॅमचं, कडक, लांबच्या प्रवासाला टिकणारं फळ लागतं. म्हणून मोठा पालक 140 ग्रॅमचा आणि लहान 70 चा घेऊ. वर्गमूळ येतं 99 ग्रॅम. फळं 20 आणि 40 असतील तर दोघांचं उत्पादन 2.8 किलो, आणि संकराचं 30 गुणिले 99, म्हणजे जवळपास 2.97. वाढ कमी झाली, पण माल विकण्याजोगा राहिला. पालक जितके एकमेकांपासून वेगळे तितकी वाढ जास्त, आणि फळाचा आकार तितका घसरतो. या दोन टोकांमध्ये आपल्या बाजाराला जमेल ती जागा शोधायची, निवडीचं मुख्य काम हेच. माझा कल असा की लहान पालकाचं फळ 60 ग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचं नाही, आणि मोठा पालक शोधताना त्याच्या वजनाइतकाच कडकपणा बघायचा.

हा हिशेब म्हणजे संकरजोमाचा, म्हणजे संकर पालकांपेक्षा सरस येण्याचा, एक भाग. बाकीचा भाग जनुकांच्या जोड्यांमधून येतो, आणि तो कागदावर आधी सांगता येत नाही. 2010 साली इस्रायल आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की फुलं येण्याचा संकेत देणाऱ्या एकाच जनुकाची एक प्रत चांगली आणि एक निकामी असली, तर एम-82 या वाणात उत्पादन 60 टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. चांगल्याला चांगलं जोडून नेहमीच सर्वात चांगलं मिळत नाही, ते यामुळेच. करून बघावंच लागतं.

कोणता गुण एकात चालतो, कोणता दोघांत हवा

जोडी ठरवण्याआधी हे पाठ करून ठेवा, एक-दोन वर्षं वाचतील.

बोकड्याच्या, म्हणजे पर्णगुच्छाच्या विषाणूविरुद्धचे टी-वाय-1 आणि टी-वाय-3, सूत्रकृमीविरुद्धचा एम-आय, मोझॅकविरुद्धचा टी-एम-2 हे गुण प्रभावी आहेत, टी-वाय पूर्णपणे नाहीत तरी बऱ्याच अंशी. म्हणजे एका पालकात असले तरी हायब्रिडमध्ये काम करतात. म्हणून रोगप्रतिकार बापाकडून आणि फळ आईकडून अशी वाटणी करता येते. एम-आयची एक मर्यादा लक्षात ठेवा: जमिनीचं तापमान 28 अंशांच्या वर गेलं की तो ढिला पडतो. उन्हाळी टोमॅटोला त्याच्यावर विसंबू नका.

उलट काही गुण दोन्ही पालकांत असले तरच दिसतात. झाड ठरावीक उंचीवर थांबणं हा तसा गुण. एक पालक थांबणारा आणि एक सतत वाढणारा घेतलात तर हायब्रिड सतत वाढणारा होतो, आणि मग तार-बांबूचा खर्च धरावा लागतो. फळाच्या देठाजवळ हिरवा पट्टा न राहता सारखी लाली चढणं हाही तसाच. एका पालकाचे खांदे हिरवे असले की सगळ्या हायब्रिडचे खांदे हिरवे. देठाचा सांधा नसणं, म्हणजे तोडताना देठ फळाला चिकटून न येणं, तेही दोघांत हवं.

जिवाणूजन्य मर आणि करपा यांचा प्रतिकार अनेक जनुकांवर चालतो. तिथे एका पालकाच्या भरवशावर राहिलात तर संकरात प्रतिकार अर्धाच उतरतो. जमलं तर दोघेही थोडेफार सोसणारे घ्या.

आई कोण, बाप कोण

टोमॅटोत बहुतेक गुणांसाठी उलटसुलट संकर सारखाच येतो. मग आई कोणाला करायचं हे सोयीने ठरवा. जिच्या फळात बी भरपूर, जिच्या कळ्या मोठ्या आणि चिमट्याला सहज सुटणाऱ्या, जिला थंडीतही फळं चांगली धरतात, ती आई. ज्याला फुलं खूप आणि पराग मोकळे, तो बाप.

शिकणाऱ्यांसाठी एक युक्ती. आई म्हणून बटाट्यासारख्या अखंड कडेच्या पानाची लाईन घ्या, बाप नेहमीच्या कातरलेल्या पानाचा. अखंड पान हा दबून राहणारा गुण आहे. रोपं उगवली की ज्यांचं पान कातरलेलं तो खरा संकर, ज्यांचं पान आईसारखं ती आईच्याच परागाने झालेली. तुमचा हात किती स्वच्छ चालला हे खऱ्या पानांवरच कळतं. हिरव्या खोडाची आई आणि जांभळट खोडाचा बाप घेतलात तर हेच पान येण्याआधी, कोवळ्या रोपाच्या दांड्यावरूनच दिसतं.

माझ्या पहिल्या हंगामात मी असाच सराव केला होता. ट्रेमध्ये जवळपास तिसरा हिस्सा रोपं आईच्या पानाची निघाली. कारण शोधत गेलो तेव्हा कळलं की मी कळ्या एक दिवस उशिरा उघडत होतो.

क्रॉसिंगचा हंगाम आणि दिवस

दिवसा 35 अंशांच्या वर किंवा रात्री 13 च्या खाली गेलं की पराग नीट काम करत नाहीत. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, फक्त कडाक्याच्या थंडीचे आठवडे सोडून. त्यासाठी सप्टेंबरात रोपं टाका. बापाचं बी आईच्या 10-15 दिवस आधी टाका, म्हणजे आई फुलेल तेव्हा पराग तयार असतील. चार-पाच आयांना एक बाप पुरतो.

आता कळी. जिथे शिकलो तिथल्या एका मावशींनी मला रंगावरून कळी ओळखायला शिकवलं. पाकळ्या अजून हिरवट असतील तर कळी कच्ची आहे. गर्द पिवळ्या होऊन उघडल्या असतील तर उशीर झाला, आतला पराग सुटलेला असतो. पाकळ्या निदलांतून, म्हणजे कळीबाहेरच्या हिरव्या पात्यांतून, जेमतेम बाहेर डोकावतायत, रंग फिकट, हिरवट पिवळा आहे, ती कळी आजची. ती उद्या उघडणार असते.

दुपारनंतर बसा. चिमटा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून घ्या. कळी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरा, दाबू नका. चिमट्याचं टोक पुंकेसरांच्या सुळक्यात एका बाजूने घाला, चिरा आणि सुळका पाकळ्यांसकट वर ओढा. मध्ये हिरवट बीजांडकोश आणि त्यावर उभी काडी उरते. काडीच्या टोकाला चिकट बिंदू असतो, ती कुक्षी. तिला चिमटा लागला की फूल गेलं, असं धरून चाला. दोन निदलं कापून टाका. पुढे फळ पिकल्यावर देठाशी ती तुटलेली निदलं दिसतात, आणि हे फळ आपण केलेलं आहे याची ती खूण. घोसात तीन-चार कळ्याच करा, बाकीच्या खुडून टाका. आधी उघडलेलं एकही फूल त्या घोसावर ठेवू नका.

बापाची फुलं सकाळी, पूर्ण उघडलेली तोडा. त्यांचे सुळके काढून कागदावर सावलीत किंवा मंद दिव्याखाली दिवसभर सुकवा, मग बारीक कापडातून किंवा चाळणीतून पराग गाळा. पिवळी, मैद्यासारखी पूड छोट्या डबीत जमा होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान कुक्षीचं टोक त्या डबीत बुडवा, किंवा बोटावर पूड घेऊन टेकवा. टोक पिवळं दिसलं पाहिजे.

तंबाखूबद्दल स्पष्ट सांगतो. तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटोला हात लावू नये. मोझॅकचा विषाणू तंबाखूतून बोटांवर आणि बोटांवरून झाडावर जातो, आणि बियावर बसून पुढच्या पिढीतही पोचतो. प्लॉटच्या दाराशी साबण आणि पाण्याची बादली ठेवा आणि स्वतःपासून नियम सुरू करा.

खुणेच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलने लिहा: आधी आई, मग बाप, मग तारीख. बॉलपेनची शाई दव आणि फवारणीने धुऊन जाते. माझ्या एका हंगामातले तीन संकर असेच बेनाम झाले. बी हातात होतं, पण ते कोणाचं हे कळत नव्हतं, म्हणून टाकून द्यावं लागलं.

बी काढणं

पराग लावल्यापासून 50-55 दिवसांत फळ पूर्ण लाल होतं. तेव्हाच तोडा, पिवळसर असताना नको. फळ आडवं कापा, गर बिया आणि रसासह प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या भांड्यात पिळा, पाणी घालू नका. एक ते दीड दिवस आंबू द्या, मधूनमधून ढवळा. बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटलं की भरपूर पाण्याने धुवा. पोकळ बी वर तरंगतं, ते ओतून द्या. उन्हाळ्यासारखी उष्णता असेल तर एका दिवसातच काम होतं. जास्त वेळ ठेवलं तर बी भांड्यातच फुगून उगवायला लागतं. जाळीवर किंवा कापडावर पातळ पसरून सावलीत सुकवा, तापलेल्या पत्र्यावर टाकू नका. एका ग्रॅममध्ये साधारण 300 बिया बसतात. पहिल्या चाचणीला एका संकराच्या दोन-तीन फळांचं बी पुरतं.

कोणती जोडी खरी, हे ठरवणं

निवडलेल्या प्रत्येक लाईनचा दोन ठरावीक बापांशी संकर करा. मग सगळे संकर, त्यांचे पालक आणि तुमच्या भागात चालणारा एक बाजारातला हायब्रिड असं सगळं एकाच शेतात लावा. प्रत्येकाची 10-12 झाडं, तीन वेगवेगळ्या जागी, क्रम चिठ्ठ्या टाकून. सगळं एकाच कोपऱ्यात लावलंत तर चांगली जमीन कोणाच्या वाट्याला आली तेवढंच कळेल.

समजण्यासाठी काही आकडे घेऊ. अ, ब, क या तीन लाईन, प आणि फ हे दोन बाप. उत्पादन झाडाला किलोमध्ये. अ×प 3.1, अ×फ 2.9. ब×प 2.2, ब×फ 3.6. क×प 2.4, क×फ 2.3. प्रत्येक लाईनची सरासरी काढा: अ ची 3.0, ब ची 2.9, क ची 2.35. अ कोणाशीही जोडली तरी चांगली चालते, तिचा सर्वसाधारण संयोग चांगला. तिला जपा आणि पुढच्या नव्या बापांशीही लावून पाहा. ब ची सरासरी जवळपास तितकीच, पण ती एकाच बापाशी जमते. ब×फ ही खास जोडी, तुमचा हायब्रिड कदाचित तीच. क सोडून द्या, तिचं फळ कितीही देखणं असलं तरी.

तुलना करताना पालकांपेक्षा संकर किती वाढला यावर खूश होऊ नका. दोन्ही पालक दुबळे असतील तर संकर त्यांच्यापेक्षा दुप्पट येऊनही बाजारातल्या हायब्रिडच्या मागे राहतो. शेतकऱ्याला फरक पडतो तो त्या बाजारातल्या हायब्रिडशी तुलना केल्यावर. आणि वजन एकूण मालाचं धरू नका. तडकलेली, किडलेली, लहान फळं बाजूला काढून विकण्याजोग्या मालाचं वजन वेगळं लिहा. एकूण वजनात पहिला आलेला संकर यात मागे पडलेला मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलाय. चाचणी निदान दोन हंगामांत घ्या, त्यातला एक बोकड्या पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीचा, म्हणजे उन्हाळ्याकडे झुकलेला असू द्या.

कायदा आणि पालकांचं बी

2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार नोंदणी झालेला वाण संशोधनासाठी, नवीन वाण तयार करण्यासाठी वापरता येतो. पण तोच नोंदणीकृत वाण व्यापारी बीजोत्पादनात पुन्हा पुन्हा पालक म्हणून लागणार असेल तर हक्कधारकाची परवानगी लागते. बियाणं विकायचं झालं तर परवाना लागतो, त्यासाठी तालुक्याच्या कृषी कार्यालयात आधी चौकशी करा.

हायब्रिडचं बी दर हंगामाला नव्याने करावं लागतं, त्यामुळे आई आणि बाप दोघांचंही शुद्ध बी हाताशी लागतं. ते क्रॉसिंगच्या प्लॉटमधून घेऊ नका. दोघांची 20-20 झाडं वेगळ्या कोपऱ्यात, मलमलच्या पिशवीत घोस बांधून वाढवा, वेगळी दिसणारी झाडं फुलण्याआधी उपटून टाका, आणि प्रत्येक चांगल्या झाडाचं थोडं थोडं बी एकत्र करून कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा. त्यातली अर्धी बाटली पुढच्या दोन वर्षांत उघडायची नाही. प्लॉटला विषाणू लागला किंवा गारपीट झाली, तर पुन्हा तिथूनच सुरू करता येतं.